तीन रात्री आलिशान हॉटेलात, की एकच?

प्रश्न थोडक्यात असा: लग्नाच्या पंधराव्या वाढदिवसाला तुम्ही दोघं परदेशातल्या एका मोठ्या शहरात तीन रात्री जाताय. शुक्रवारी रात्री पोहोचणार, सोमवारी संध्याकाळी परतीचं विमान. तुम्हाला तिन्ही रात्री पंचतारांकित हॉटेल हवंय, "एकदाच तर जातोय, मग हात आखडता का घ्यायचा?" यजमानांचं म्हणणं, "झोपायलाच तर जायचं तिथे, मधल्या दर्जाचं हॉटेल पुरे." राहण्यासाठी बाजूला काढलेले पैसे पुरत नाहीत, उरलेली रक्कम कार्डावर बारा हप्त्यांत फेडायचा विचार आहे. आणि पत्राच्या शेवटी एका ओळीत लिहिलंय की पुढच्या काही महिन्यांत सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया ठरायची आहे.

ती शेवटची ओळ मला सगळ्यात महत्त्वाची वाटली. तिच्याकडे वळण्याआधी आकडे बघू.

तुम्ही पाठवलेल्या दोन स्क्रीनशॉटमध्ये फरक आहे. पहिल्या पानावर खोलीचं भाडं १०० धरलं, तर पैसे भरायच्या शेवटच्या पानावर ते १२७ झालंय. कर, सेवा शुल्क आणि शहराचा पर्यटक कर, सगळे खाली बारीक अक्षरात. यात तुमची फसवणूक झालीय असं नाही, बऱ्याच ठिकाणी हीच रीत आहे. अ‍ॅमस्टरडॅममध्ये २०२४ पासून एकटा पर्यटक करच भाड्याच्या १२.५ टक्के आहे. अमेरिकेत 'रिसॉर्ट फी'सारखी सक्तीची शुल्कं शेवटपर्यंत लपवून ठेवण्याचा प्रकार इतका बोकाळला, की मे २०२५ पासून ती जाहिरातीतल्या किमतीतच धरून दाखवायचा नियम करावा लागला. म्हणून दोन हॉटेलांची तुलना नेहमी शेवटच्या पानावरच्या आकड्यांनी करा, आणि नाश्ता त्यात आहे का तेही बघा. तुमच्या आलिशान हॉटेलात तो नाही, मधल्या दर्जाच्या हॉटेलात आहे. हे सगळं धरल्यावर जाहिरातीत अडीचपट दिसणारं हॉटेल प्रत्यक्षात साडेतीनपट महाग पडतंय.

मधल्या हॉटेलची एक रात्र म्हणजे १ भाग धरा. तुमच्याकडे राहण्यासाठी ६ भाग जमलेत. आलिशान हॉटेलच्या तीन रात्री म्हणजे साडेदहा भाग. साडेचार भाग कर्जाऊ. खोलीचं जवळजवळ निम्मं भाडं वर्षभर फेडत बसायचं, तेही गृहकर्जाचा हप्ता चालू असताना.

आता तुमचा कार्यक्रम घड्याळ लावून वाचू. शुक्रवारी विमान रात्री आठला उतरतं. सामान घेऊन, शहरात पोहोचून खोलीत शिरेपर्यंत दहा वाजणार. शनिवारी साडेआठला बाहेर, दोन संग्रहालयं, रात्री नाटक, परत यायला अकरा. म्हणजे पहिल्या दोन रात्री त्या पोहण्याच्या तलावाला, स्पाला, खिडकीतून दिसणाऱ्या नदीला तुमचा वेळच नाही. गादी छान असेल, उशा चार प्रकारच्या असतील, पण डोळे मिटलेले असताना साडेतीनपट भाडं कशाचं? रविवारी मात्र दुपारनंतर काहीच ठरलेलं नाही, आणि सोमवारी विमान संध्याकाळी. यजमानांचं म्हणणं पहिल्या दोन रात्रींपुरतं बरोबर आहे, तुमचं तिसऱ्या रात्रीपुरतं.

म्हणून माझा सल्ला: शुक्रवार आणि शनिवार मधल्या दर्जाच्या, मेट्रोला लागून असलेल्या हॉटेलात काढा. रविवारची रात्र आलिशान हॉटेलात. एकूण साडेपाच भाग. जमवलेल्या पैशांत बसतं, अर्धा भाग हातात उरतो आणि हप्त्यांचा विषयच मिटतो.

हॉटेल बदलताना दिवस वाया जाईल ही तुमची शंका रास्त आहे, पण त्यावर उपाय सोपा आहे. रविवारी सकाळी पहिलं हॉटेल सोडून सामान थेट दुसऱ्या हॉटेलात नेऊन ठेवा. खोली तीनला मिळणार असली तरी सामान ते सकाळीच ठेवून घेतात. मोकळ्या हातांनी फिरा आणि तीनच्या ठोक्याला परत या. तिथून सोमवार दुपारपर्यंत जवळजवळ एकवीस तास हॉटेल तुमचं. संध्याकाळ तलावावर, जेवण तिथेच, सकाळी घाई न करता नाश्ता. ज्या सोयींचे पैसे भरताय, त्या इथे खरोखर वापरल्या जातील.

रविवारच म्हणण्याला आणखी एक कारण आहे. हॉटेलं मागणी बघून दर रोज, कधी दिवसातून अनेकदा बदलतात. सुट्टीवर आलेल्यांची गर्दी शुक्रवार-शनिवारी असते, कामानिमित्त येणारे सोमवारपासून भरतात, त्यामुळे मोठ्या शहरांत रविवारची रात्र बऱ्याचदा सगळ्यात स्वस्त असते. त्या आठवड्यात शहरात एखादी मोठी परिषद किंवा प्रदर्शन असेल तर हे गणित उलटतं, म्हणून तिन्ही तारखांचे दर वेगवेगळे काढून बघा. एकत्र तीन रात्रींची सरासरी दाखवणारं पान हा फरक झाकून टाकतं.

शेवटची रात्र चांगली ठेवण्यामागे आठवणींचाही विचार आहे. २००२ साली अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांनी दाखवून दिलं, की एखादा अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्याचा सगळ्यात तीव्र क्षण आणि शेवट आपल्या मनात जास्त राहतात. त्यांचे गाजलेले प्रयोग वेदनेवर होते, हॉटेलांवर नव्हेत, त्यामुळे मी हे फार ताणणार नाही. पण पंधरा वर्षांच्या संसाराची आठवण म्हणून जाताय, तर सहलीचा शेवट चांगला होईल असं बघणं मला महत्त्वाचं वाटतं.

आता शस्त्रक्रिया. तुम्ही निवडलेला दर रद्द न होणारा आहे, आणि तो १२ टक्के स्वस्त आहे म्हणून घेताय. याचा अर्थ असा: सहल रद्द व्हायची शक्यता साधारण आठात एक इतकी असेल, तर ही सवलत फिटंफाट होते. शक्यता त्याहून जास्त असेल, तर स्वस्त दर महाग पडतो. शस्त्रक्रियेची तारीख तुमच्या हातात नाही, डॉक्टरांच्या आहे. सासूबाईंना सोबत लागणार, नंतर व्यायामासाठी ने-आण असणार. मला ही शक्यता आठात एकपेक्षा बरीच जास्त दिसते. रद्द करता येणारा दर घ्या, तो साधारण चौदा टक्के जास्त पडला तरी, आलिशान हॉटेलच्या एका रात्रीपुरतं तेवढं हाताशी उरलेल्या अर्ध्या भागातून जेमतेम भागेल. आणि फुकट रद्द करायची शेवटची तारीख आजच मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये टाका, तिच्या तीन दिवस आधीच्या आठवणीसह. ती वेळ हॉटेलच्या शहरातल्या घड्याळाप्रमाणे असते, हे लक्षात असू द्या.

हप्त्यांना माझा विरोध आहे तोही याच कारणाने. तुमचा आपत्कालीन निधी चार महिन्यांच्या खर्चाचा आहे. ठीक आहे, भरपूर नाही. विमा असला तरी शस्त्रक्रियेत काही खर्च स्वतःच्या खिशातून होतोच. अशा वेळी दर महिन्याला एक जादा हप्ता डोक्यावर नको. उद्या सहल पुढे ढकलावी लागली, तर न केलेल्या सहलीचे हप्ते भरताना घरात जी धुसफूस होते, ती मी अनेक घरांत पाहिलीय.

हॉटेल निवडण्याबद्दल थोडंसं. ताऱ्यांवर फार विसंबू नका. तारे देणारी जगभर एकच यंत्रणा नाही, आणि ते मुख्यत्वे सोयी मोजतात. युरोपातल्या अनेक देशांनी २००९ मध्ये हॉटेलस्टार्स युनियन स्थापन करून आपापसात निकष सारखे केले, तिथेही तारे पाचपर्यंतच. 'सात तारे' ही निव्वळ बोलीभाषा आहे. दुबईच्या बुर्ज अल अरबला ते बिरुद चिकटलं ते पत्रकारांच्या लिखाणातून. सेवा कशी आहे हे बघायचं तर फोर्ब्स ट्रॅव्हल गाइडची मानांकनं जास्त उपयोगी, त्यांचे परीक्षक ओळख न देता राहून येतात. रेस्टॉरंटांना तारे देणारं मिशेलिनही २०२४ पासून हॉटेलांना एक ते तीन 'किल्ल्या' देतं. आणि अलीकडच्या परीक्षणांत 'बांधकाम' आणि 'आवाज' हे शब्द शोधा. शेजारी ड्रिल चालू असेल तर तुमचे एकवीस तास गेले.

काउंटरवर ते कार्ड मागतील आणि भाड्याशिवाय काही रक्कम अनामत म्हणून अडवून ठेवतील. त्यासाठी क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलंत तर खात्यातले खरे पैसे अडकतात आणि मोकळे व्हायला काही दिवस लागू शकतात. निघताना मशीनवर "तुमच्या चलनात भरायचं का?" असं विचारलं, तर नाही म्हणा आणि तिथल्याच चलनात भरा. त्या सोयीचा विनिमय दर जवळजवळ नेहमीच तुमच्या बँकेपेक्षा वाईट असतो.

खोली उशिरापर्यंत ठेवता येईल का, हे विचारायला काउंटरवर पोहोचेपर्यंत थांबू नका. आठवडाभर आधी थेट हॉटेललाच मेल करा, वाढदिवसाचं कारण सांगा, विमान संध्याकाळी आहे हे लिहा. सोमवारी खोल्या रिकाम्या असतील तर दुपारी दोनपर्यंत बऱ्याचदा देतात, आणि मेलवर 'हो' आलं असेल तर काउंटरवर कोणीही असलं तरी वाद होत नाही.