वाचकांचे प्रश्न : लोकल, उधाणाची भरती आणि रुळांची उंची

मुंबईची उपनगरी रेल्वे आणि पावसाळा या विषयावर या महिन्यात बरीच पत्रे आली. त्यांतील तीन प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी 20 वर्षे कुर्ला ते भायखळा असा लोकलने प्रवास करतो. रूळ उंच केल्याची बातमी दर मे महिन्यात वाचतो आणि जुलैत गाडी शीव-कुर्ल्यादरम्यान पुन्हा उभी राहते. एकदाच सगळे रूळ दोन फूट उचलून हा प्रश्न का मिटवत नाहीत? (एक वाचक, कुर्ला)

उत्तर : आपला वैताग रास्त आहे. गाडी आधी अडते ती बहुधा सिग्नलपाशी. रुळांमधून क्षीण विद्युतप्रवाह सोडलेला असतो. गाडीच्या चाकांनी दोन्ही रूळ जोडले गेले की तो वळतो आणि मार्ग रिकामा नसल्याचे यंत्रणेला कळते. रुळांवर चढलेले गढूळ पाणीही नेमके चाकांसारखेच वागते. त्यामुळे पुढे गाडी नसतानाही सिग्नल लाल होतो, आणि सुरक्षिततेसाठी तो लाल होणेच योग्य असते. रुळांचे सांधे बदलणाऱ्या मोटारीही जमिनीलगतच असतात. म्हणूनच पाणी भरणाऱ्या पट्ट्यांत रुळांतील प्रवाहाऐवजी गाडीचे आस मोजणारी यंत्रणा बसवण्याचे काम मला रूळ उचलण्याइतकेच महत्त्वाचे वाटते.

आता उंचीविषयी. रूळ दोन फूट उचलले की फलाट दोन फूट खाली गेल्यासारखे होते. फलाट आणि डबा यांच्यामधील फटीत पडून कित्येक प्रवाशांनी हातपाय आणि जीव गमावले आहेत, आणि उच्च न्यायालयाने लक्ष घातल्यानंतर फलाटांची उंची वाढवण्यात वर्षे गेली आहेत. रुळांच्या वर 25 हजार व्होल्टची तार आहे आणि तिच्याही वर रस्त्यांचे जुने पूल आहेत. रूळ चढवले की तार चढवावी लागते, आणि तार चढवायची तर पूल आड येतो. म्हणून हे काम थोड्या-थोड्या इंचांनी चालते. शिवाय उंच केलेला भराव हा बांधच ठरतो, आणि रुळांवरून हटलेले पाणी लगतच्या चाळींत शिरते. माझ्या मते ही अडचण सर्वांत गंभीर आहे.

तेव्हा पाण्याला जायला वाट कुठे आहे, हे आधी पाहिले पाहिजे. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर नेमलेल्या माधवराव चितळे समितीच्या अहवालातून समोर आलेली एक गोष्ट प्रत्येक प्रवाशाला ठाऊक असायला हवी : पावसाचे पाणी समुद्रात व खाड्यांत सोडणाऱ्या शहरातील 186 मुखांपैकी 45 मुखे समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. जुन्या पर्जन्यवाहिन्या ताशी 25 मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधल्या होत्या, आणि तोही ओहोटीच्या वेळचा हिशेब होता. या वाहिन्या सुधारण्याच्या ‘ब्रिमस्टोवॅड’ प्रकल्पात ही क्षमता ताशी 50 मिलिमीटर करण्याचे ठरले. साडेचार मीटरपेक्षा मोठ्या भरतीला मात्र वाहिन्या रुंद असूनही भागत नाही, तेव्हा उदंचन केंद्रांतील पंपांनीच पाणी उपसावे लागते. हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया आणि गझदरबंद येथे अशी केंद्रे उभी राहिली. कुर्ला, शीव आणि चुनाभट्टीचा भार हलका करणारे माहुलचे केंद्र मात्र मिठागराच्या जागेपायी वर्षानुवर्षे रखडले. आपली गाडी शिवेला अडते, पण तिचे उत्तर बऱ्याच अंशी माहुलच्या खाडीकाठी आहे.

प्रश्न : विरार-डहाणू चौपदरीकरणाने गाड्या वाढतील याचा आम्हाला आनंदच आहे. पण नव्या भरावामुळे आमच्याकडे पाणी अधिक तुंबेल का? (एक वाचक, नालासोपारा)

उत्तर : निष्काळजीपणे केले तर तुंबेल. जुलै 2018 मध्ये वसई-नालासोपारा पट्ट्यात रूळ पाण्याखाली गेले होते आणि अडकलेल्या लांब पल्ल्याच्या गाडीतील प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते, हे आपण विसरला नसालच. 2016 मध्ये मंजूर झालेल्या 10,947 कोटी रुपयांच्या ‘एमयूटीपी-3’ (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा) मधील हे काम सुमारे 64 किलोमीटरचे आहे. जुन्या मार्गांखालच्या मोऱ्या तेवढ्याच ठेवून शेजारी नवा भराव घातला, तर मोरी लांब होते. तिचे तोंड तेवढेच राहते आणि आतला गाळ काढणे अधिक कठीण होते.

गेल्या मे महिन्यात मी अशाच एका मोरीपाशी उभा होतो. कामगारांनी सकाळपासून काळा गाळ, दुधाच्या पिशव्या, गादीचा कापूस आणि एक मोडकी प्लास्टिकची खुर्ची बाहेर काढली होती, आणि दुपारी मोरी आरपार दिसू लागली. पलीकडे जाऊन पाहिले तर रेल्वेच्या हद्दीबाहेरचा नाला काठोकाठ भरलेला होता. त्या कामगारांचा अख्ख्या दिवसाचा घाम पहिल्याच सरीत वाया जाणार, या विचाराने मला फार वाईट वाटले. रेल्वे आणि महापालिका यांनी एकाच आठवड्यात, एकाच नाल्याची दोन्ही टोके साफ करणे यात अशक्य असे काहीही नाही.

कांदळवनांविषयीही आपण आग्रही राहावे. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये कांदळवनांचा नाश हा नागरिकांच्या मूलभूत हक्काचा भंग असल्याचे म्हटले आहे. लाटांचा जोर आणि काठाची धूप कांदळवनेच रोखतात. एका खाडीतील झाडे तोडून दुसऱ्या जिल्ह्यात रोपे लावल्याने आपल्या भरावाचे रक्षण होत नाही.

प्रश्न : आमच्याकडे तर समुद्र नाही. मग आमची लोकल का बुडते? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : आपल्याकडे उल्हास नदी आहे. 27 जुलै 2019 रोजी बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस तिच्याच पुरात अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना होड्यांतून बाहेर आणावे लागले. येथे पंपांचा उपयोग नाही. नदीला पसरायला जागा आणि गाडी सोडण्यापूर्वी वेळेवर मिळालेला इशारा, हेच उपाय आहेत. पूररेषेतील नवी बांधकामे पहिला उपाय दरवर्षी थोडा-थोडा हिरावून घेत आहेत. दुसऱ्यासाठी प्रवासी संघटनेच्या पुढच्या बैठकीत एवढे जरूर विचारा : कर्जतकडे नदी चढू लागल्याचा निरोप रात्री दोन वाजता बदलापूरच्या स्टेशन मास्तरांपर्यंत कोण पोहोचवतो, आणि तो किती मिनिटांत पोहोचतो?