जुने इंजिन उतरवण्याआधी

प्रश्न : करमाळा तालुक्यात, उजनीच्या पाणलोटात आमची 26 फुटी फायबरची बोट आहे. मासेमारी आणि हिवाळ्यात पक्षी पाहायला येणाऱ्या पाहुण्यांची ने-आण, ही दोन्ही कामे तिच्यावर चालतात. बोटीत 20 अश्वशक्तीचे, मिनिटाला 1500 फेऱ्यांचे, दोन सिलिंडरचे डिझेल इंजिन असून गिअरबॉक्स दोनास एक असा आहे. वर्षभरापासून इंजिन निळा धूर टाकते, ऑइल पिते आणि माल भरला की ओढत नाही. गावातील मिस्त्री इंजिन खोलून बोअर-पिस्टन बदलण्याचे 48 हजार रुपये सांगतात. सोलापुरात पिकअप गाडीतून उतरवलेले 60 अश्वशक्तीचे, 3000 फेऱ्यांचे इंजिन 90 हजारांत मिळते आहे. बोटीसाठीचे नवे इंजिन घ्यायचे तर नुसत्या इंजिनाचे 2 लाख 80 हजार होतात. धाकटा भाऊ म्हणतो की गाडीचे इंजिन घ्या, बोट दुप्पट पळेल. आम्ही काय करावे?
— एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : आपण तिन्ही आकडे लिहिले हे फार बरे केले. मात्र हे तीन आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करता येणार नाही, कारण पहिल्यात काम पूर्ण होते, तर उरलेल्या दोघांत ते नुकते सुरू होते.

आधी इंजिन खरोखर संपले आहे का, ते पाहा. इंजिन चांगले तापू द्या आणि ते चालू असतानाच ऑइल भरण्याचे झाकण जपून उघडून त्या तोंडापासून वीतभर अंतरावर तळहात धरा. तेथून भपके येत असतील आणि काही क्षणांत हातावर ऑइलचा ओशट थर बसत असेल, तर पिस्टनच्या रिंगा आणि सिलिंडरचे लाइनर झिजले आहेत. भपके नाहीत, पण धूर निळाच आहे, असे असेल तर दोष बहुधा व्हॉल्व्हच्या गाइडमध्ये असतो आणि केवळ हेड उतरवून तो दूर होतो. 48 हजारांची गरज पडत नाही. धूर निळा नसून ओझ्याखाली काळा होत असेल, तर डिझेल फवारणारे नोझल आणि एअर फिल्टर तपासा आणि त्याहीआधी पाण्यात उतरून बोटीला ढकलणारा पंखा पाहा. जाळ्याचा नायलॉन पंख्याच्या शाफ्टभोवती आवळून बसला असताना इंजिनाला दोष दिल्याची उदाहरणे मी अनेक पाहिली आहेत.

रिंगा-लाइनर गेल्याचे निश्चित झाले, तर क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, बाहेर काढून मायक्रोमीटरने मोजून घ्या. सोलापूरच्या एमआयडीसीत हे काम नीट करून देणारे कारागीर आहेत. त्यासाठी मिस्त्रींच्या अंदाजावर विसंबू नये. क्रँक मापात असेल, ब्लॉकला चीर नसेल आणि सुटे भाग मिळत असतील, तर माझे मत स्पष्ट आहे: जुनेच इंजिन दुरुस्त करावे. त्याच्या जोडीचा गिअरबॉक्स, शाफ्ट, पंखा आणि पाया हे सारे आपल्याकडे तयार आहे, आणि खर्चाच्या हिशेबात लोक नेमके तेच धरत नाहीत.

आता गाडीच्या इंजिनाविषयी. आपल्या बोटीची पाण्यावर टेकणारी लांबी 24 फूट धरली, तर अशा पाणी कापत जाणाऱ्या बोटीची सोयीस्कर वेगमर्यादा सुमारे साडेसहा नॉट, म्हणजे ताशी 12 किलोमीटर येते. ही मर्यादा बोटीने स्वतःच उठवलेल्या लाटेमुळे ठरते. त्यापुढे ताकद वाढवली की मागचा भाग खाली बसतो, पुढचा उचलला जातो आणि डिझेल लाट उठवण्यात खर्च होते. 20 च्या जागी 60 अश्वशक्ती आली म्हणून बोट दुप्पट पळणार नाही. भावांना हे समजावून सांगावे.

दुसरी अडचण पंख्याची आहे. सध्या 1500 फेऱ्यांचे इंजिन दोनास एक गिअरबॉक्समधून पंख्याला मिनिटाला 750 फेरे देते. पंख्याची पिच, म्हणजे एका फेऱ्यात पुढे सरकण्याचे अंतर, 16 इंच असेल, तर तो कागदावर ताशी सुमारे 18 किलोमीटर पुढे सरकतो. पाण्यात घसरण्यापोटी एक तृतीयांश वजा केले की 12 किलोमीटर उरतात, म्हणजे बोट आणि पंखा यांचे आज जुळलेले आहे. त्याच गिअरबॉक्सला 3000 फेऱ्यांचे इंजिन जोडले, तर पंख्याला 1500 फेरे द्यावे लागतील. पंखा मागत असलेली शक्ती फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे फेरे दुप्पट झाले की मागणी आठपट होते. आज तो 15 अश्वशक्ती खात असेल, तर उद्या 120 मागेल. 60 अश्वशक्तीचे इंजिन तेथवर पोहोचणारच नाही. ते दबलेल्या अवस्थेत काळा धूर टाकत तापत राहील. यावर उपाय म्हणजे चारास एकच्या आसपासचा गिअरबॉक्स किंवा कमी पिचचा लहान पंखा, आणि हा खर्च 90 हजारांच्या बाहेरचा आहे.

इंजिनासोबत आलेला गाडीचाच गिअरबॉक्स वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये. पंखा बोटीला पुढे ढकलतो, तो रेटा शाफ्टमधून मागे गिअरबॉक्सवर येतो. बोटीच्या गिअरबॉक्समध्ये हा रेटा पेलणारे थ्रस्ट बेअरिंग असते, गाडीच्या गिअरबॉक्समध्ये तशी सोय नसते. शिवाय गाडीचे इंजिन समोरून येणाऱ्या वाऱ्यावर थंड राहते. बोटीच्या पेटीत बंद केल्यावर तो वारा कुठून येणार?

नवे इंजिन घ्यावेच लागले, तर 20 ते 25 अश्वशक्तीचे आणि शक्यतो कमी फेऱ्यांचे घ्या आणि गिअरबॉक्सचे गुणोत्तर व पंख्याचे माप ठरल्याशिवाय इसारा देऊ नका. पाया बदलावा लागेल, कारण नव्या इंजिनाचे पाय आणि क्रँकची उंची जुन्याशी क्वचितच जुळते. एक्झॉस्ट, डिझेलच्या नळ्या, वायरिंग, गिअरबॉक्सला शाफ्ट जोडणारे कपलिंग आणि रबर माउंट यांचा विचार करता इंजिनाच्या किमतीच्या निम्मी तरी रक्कम वेगळी ठेवावी, असा माझा सल्ला आहे. नवे इंजिन बहुधा वजनाने हलके असते, त्यामुळे बोट मागून उचलली जाते. पंखा पाण्यात पुरेसा बुडतो की नाही, ते भरल्या आणि रिकाम्या, दोन्ही बोटीत पाहावे.

इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या व्यवस्थेबाबत उजनीचा विचार वेगळा करावा लागतो. पाणी गोडे असल्याने समुद्रासारखा गंज लागत नाही, पण गाळ आणि जलपर्णी पाइपात जाते. धरणाच्या सुमारे 117 टीएमसी साठ्यातील 63 टीएमसीहून अधिक पाणी मृत साठ्याचे आहे, आणि उन्हाळ्यात उजनी मायनसमध्ये गेली की काठालगत आपण गाळावरूनच बोट नेत असता. पाणी ओढणाऱ्या पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरला, तर काही मिनिटांत त्याच्या पात्या तुटतात. म्हणून मी आपल्याला बोटीच्या तळाशी बसवलेल्या पाइपातून इंजिनाचे स्वतःचे कूलंट फिरवणारी पद्धत सुचवेन. बाहेरचे गढूळ पाणी इंजिनात जातच नाही. मात्र बोट टेकली तर पाइप चेपणार नाहीत, अशा खोबणीत ते बसवून घ्या.

काम उन्हाळ्यात काढा. दौंडकडून धरणात येणारा विसर्ग वाढण्याआधी बोट काठावर ओढलेली असते, लोखंडी पाइपांची तिकाटी आणि चेन ब्लॉक एवढ्यावर इंजिन उचलता येते आणि क्रेनचे भाडे वाचते. मात्र शाफ्टची जुळणी काठावर पक्की समजू नये. बोट पाण्यात गेल्यावर तिचा तळ किंचित आकार बदलतो. एक दिवस ती पाण्यात राहू द्या, मग कपलिंगचे बोल्ट सैल करून दोन्ही तोंडांमधील फट फिलर गेजने वर, खाली, डावीकडे आणि उजवीकडे मोजा. चार इंची कपलिंग असेल, तर या चार मापांत एका इंचाच्या हजारातील चार भागांपेक्षा, म्हणजे एक दशांश मिलिमीटरपेक्षा अधिक फरक असू नये. हे अर्ध्या दिवसाचे काम कंटाळून सोडले, तर पहिल्याच हंगामात ग्लँड, म्हणजे शाफ्ट बोटीबाहेर जातो तेथील पाणी अडवणारा भाग, गळू लागते आणि बेअरिंग खाल्ले जाते.

डिझेलची बचत हा नव्या इंजिनाच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. ताशी एक लिटर वाचले, बोट दिवसाला सहा तास आणि वर्षात 200 दिवस चालली, तर 1200 लिटर होतात. 90 रुपये दराने ते 1 लाख 8 हजार रुपये. पण दुरुस्त केलेले जुने इंजिनही आजच्यापेक्षा कमी डिझेल पिईल, म्हणून ही संपूर्ण बचत नव्या इंजिनाच्या खात्यावर लिहू नये.

प्रश्न : इंजिन बदलल्यावर बोटीची कागदपत्रे बदलावी लागतात का?
— एक वाचक, माढा तालुका

उत्तर : होय. 1917 च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या 2021 च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्रावर चालणाऱ्या बोटीची पाहणी आणि नोंदणी आवश्यक आहे. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळाकडे आहे. इंजिनाची ताकद आणि क्रमांक बदलला की ते कळवून नोंद दुरुस्त करून घ्या, आणि वापरलेले इंजिन विकत घेताना मूळ बिल मागा. 21 मे 2024 रोजी उजनी जलाशयात कुगाव ते कळाशी मार्गावर वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जणांचा जीव गेला. ज्या पाण्यावर हे घडले, त्याच पाण्यावर आपण माणसे नेता. इंजिनाच्या खर्चातच प्रत्येक प्रवाशासाठी लाइफ जॅकेटचा खर्च धरावा आणि वारा उठल्यावर नवे इंजिन आहे म्हणून बोट काढू नये.

जुने इंजिन उतरवताना त्यातील ऑइल पत्र्याच्या डब्यात गोळा करा आणि बोटीच्या तळाचे तेलकट पाणी काठावर उपसू नका. सोलापूर शहर उजनीचेच पाणी पिते.