जाहिरात एजन्सीत चाललीयेस तर आधी पैसा कुठून येतो ते बघ

हॅलो,

तुझा मेसेज वाचला. "ताई, मला क्रिएटिव्हमध्ये जायचं होतं आणि ऑफर आलीये क्लायंट सर्व्हिसिंगची, घेऊ का?" घे की. क्रिएटिव्हवाले जाहिराती लिहितात, काढतात, तू क्लायंट आणि त्यांच्यामधला दुवा होशील. पण नंतर आतल्या आत क्रिएटिव्हला शिफ्ट होता येईल या भरवशावर घेऊ नकोस, ते कधी होतं कधी नाही. घ्यायची ती यासाठी की एजन्सीचा सगळा कारभार पैशावर कसा चालतो ते या खुर्चीतून जितकं नीट दिसतं तितकं दुसरीकडून दिसत नाही, आणि ते एकदा कळलं की कोण कोणावर का चिडलंय, डेडलाईन अशी अघोरी का, चांगली आयडिया का मेली, या बाकीच्या भानगडींचा पण उलगडा होतो.

थोडा इतिहास सांगते, कंटाळू नकोस. एजन्सी ही गोष्ट जाहिराती बनवायला सुरूच झाली नव्हती. १८४० च्या दशकात फिलाडेल्फियात व्होल्नी पामर नावाचा माणूस पेपरांची जागा विकायचा आणि कमिशन पेपरवाल्यांकडून घ्यायचा, मजकूर काय छापायचा ते जाहिरातदाराने आपलं आपण बघायचं. मग जॉर्ज रोवेल आला, त्याने जागा घाऊक विकत घेऊन किरकोळीत विकायला सुरुवात केली, म्हणजे मूळ भाव काय ते फक्त त्यालाच माहीत. त्याच रोवेलने १८६९ मध्ये पेपरांची डिरेक्टरी काढली आणि त्यात कुणाचा खप किती याचे अंदाज छापले, त्यावर पेपरवाले किती खूश झाले असतील ते तूच बघ.

त्याच वर्षी फ्रान्सिस एअर या एकवीस वर्षांच्या पोराने २५० डॉलरवर एजन्सी काढली आणि पाटीवर वडिलांचं नाव लावलं, एन. डब्ल्यू. एअर अँड सन, म्हणजे दुकान जुनं वाटावं. (ही पहिली जाहिरात त्याने स्वतःचीच केली म्हण.) पण त्याचं खरं काम पुढचं. काही वर्षांनी त्याने क्लायंटला सांगितलं की पेपरचा खरा भाव मी तुला दाखवतो, त्यावर माझं ठरलेलं कमिशन घेतो, बास. तोपर्यंत एजंट नक्की कुणाचा माणूस, पेपरचा की जाहिरातदाराचा, हे कुणालाच धड सांगता येत नव्हतं. तिथून तो क्लायंटचा झाला. तुझी क्लायंट सर्व्हिसिंगची खुर्ची खरं तर तेव्हाच तयार झाली.

पुढे १५ टक्के कमिशन हा रिवाज पडला. गणित समजून घे. मीडियाचं, म्हणजे पेपर वगैरेच्या जागेचं, बिल १०० चं, एजन्सी क्लायंटकडून १०० घेणार, मीडियाला ८५ देणार, १५ स्वतःकडे. हेच ८५ वर मोजलं तर १७.६५ टक्के होतात, जुन्या एस्टिमेटमध्ये (खर्चाच्या अंदाजपत्रकात) असा विचित्र आकडा दिसला तर दचकू नकोस, तो हाच. आता सगळ्यांचा भाव सारखा असेल तर क्लायंट एजन्सी निवडणार कशावर? म्हणून कॉपी (जाहिरातीचा मजकूर) फुकट, डिझाईन फुकट, रिसर्च पण फुकट, असं एकेक जोडत गेले. माझं मत विचारशील तर आयडिया फुकट मागायची क्लायंटची सवय तिथली आहे, आणि महिनाभर रात्री जागून केलेल्या पिचचे (क्लायंट मिळवायला केलेल्या सादरीकरणाचे) पैसे बहुतेक वेळा मिळत नाहीत तेही त्याचंच शेपूट. यातली एक गंमत, जे. वॉल्टर थॉम्पसनने १८७८ मध्ये मालकाकडून एजन्सी विकत घेतली तेव्हा धंद्याचे दिले ५०० डॉलर आणि फर्निचरचे ८००!

अमेरिकेत ठरावीक कमिशनची सक्ती १९५६ मध्ये सरकारी खटल्यानंतर सुटली, मग हळूहळू फी आली, १९६० मध्ये डेव्हिड ओगिल्व्हीच्या एजन्सीने शेल या तेल कंपनीचं काम कमिशन सोडून फीवर घेतलं तेव्हा त्याची बरीच चर्चा झाली. आज बहुतेक ठिकाणी रिटेनर (दर महिन्याची ठरलेली फी) नाहीतर प्रोजेक्ट फी असते आणि ती माणसांच्या तासांवर काढतात. म्हणून टाइमशीट, म्हणजे कुणी कोणत्या कामावर किती तास घातले त्याची नोंद. सगळे वैतागतात, शुक्रवारी बसून अंदाजे भरतात, तू रोजच्या रोज भर, कारण पुढच्या वर्षी क्लायंट म्हणतो फी कमी करा तेव्हा साहेबांच्या हातात तेवढाच एक कागद असतो.

आता रोजचं काम. ब्रीफ (क्लायंटला काय हवंय ते) येतो, जॉब नंबर पडतो, एस्टिमेट जातं, अप्रूव्हल येतं, मग क्रिएटिव्ह, मग चेंजेस, परत चेंजेस, आर्टवर्क (छापायला जाणारी फायनल फाईल), रिलीज ऑर्डर (मीडियाला जाहिरात लावायची ऑर्डर), बिल. लोक घसरतात ते अप्रूव्हलवर. फोनवर "हो हो, करा सुरू" याला अप्रूव्हल म्हणत नाहीत. कॉल संपला की तासाभरात मेल टाक, अगदी कोरडा: "आजच्या कॉलप्रमाणे दुसरी हेडलाईन फायनल. पॅकचा नवीन फोटो उद्या दुपारपर्यंत तुमच्याकडून. फोटो आल्याशिवाय आर्टवर्क जाणार नाही. ही चेंजेसची तिसरी फेरी, एस्टिमेटमध्ये दोन धरल्या होत्या, जादाचं एस्टिमेट सोबत जोडलंय." शेवटचं वाक्य लिहिताना हात थरथरतो, तरी लिही. आणि रिलीज ऑर्डरला तर फारच जप, बऱ्याच ठिकाणी जागा एजन्सीच्या नावावर बुक होते, म्हणजे क्लायंटने पैसे लटकवले तरी मीडियाचं देणं एजन्सीच्या गळ्यात.

आणि हो, "लोगो मोठा करा" यावर क्रिएटिव्हवाले हसतील, तू पण त्यांच्यात बसून हसशील, हरकत नाही, पण आधी क्लायंटला विचार की का. कधी कधी निघतं असं की त्यांच्या सेल्सवाल्यांनी सांगितलेलं असतं की जाहिरात लक्षात राहते, ब्रँड नाही. मग तो लोगोचा प्रॉब्लेमच नसतो, आयडियात ब्रँड नाहीये हा असतो. क्रिएटिव्हला तू काय घेऊन जातेस, "लोगो मोठा करा" की हे, तिथे तुझा पगार वसूल होतो.

ब्रीफ द्यायचा तर कॉपी आणि आर्ट दोघांना एकत्र बसवून दे. पूर्वी रायटर मजकूर लिहून आर्टकडे पाठवून द्यायचा आणि ते त्याभोवती चित्र बसवायचे. बिल बर्नबाखने १९४९ मध्ये डीडीबी ही एजन्सी काढली आणि दोघांना एका खोलीत आणलं, १९५९ ची फोक्सवॅगनची ती प्रसिद्ध कॅम्पेन अशाच एका जोडीची, हेल्मट क्रोन आणि ज्युलियन केनिग. प्लॅनिंगवाले नंतर आले, १९६८ च्या सुमाराला लंडनमध्ये, ग्राहकाच्या बाजूने बोलणारा कुणीतरी खोलीत असावा म्हणून. तुझ्या एजन्सीत प्लॅनर नसेल तर ते काम तुझ्यावरच पडणार, सवय ठेव.

मीडिया मात्र बहुतेक ठिकाणी वेगळ्या कंपनीत गेलाय. १९९७ मध्ये थॉम्पसन आणि ओगिल्व्हीचे मीडिया विभाग काढून माइंडशेअर ही मीडियाची जागा घेणारी कंपनी झाली, दोन्ही एजन्सी तोवर डब्ल्यूपीपी या समूहाच्या झाल्या होत्या, आणि डब्ल्यूपीपी मूळची वायरच्या बास्केट बनवणारी कंपनी. कमिशन मीडियासोबत गेलं आणि क्रिएटिव्ह एजन्सीकडे फक्त फी उरली, त्यामुळे आज माणसं कमी आणि कामं जास्त असं दिसलं तर त्यात एकट्या तुझ्या बॉसचा दोष नसतो.

नावावर पण जाऊ नकोस. एअर २००२ मध्ये बंद झाली, थॉम्पसनचं नाव विलीनीकरणात पुसलं गेलं. त्यापेक्षा एचआरला चार प्रश्न विचार: माझ्याकडे ब्रँड किती येणार, ते रिटेनरवर आहेत की प्रोजेक्टवर, मीडिया घरात आहे की बाहेर, आणि फायनल आर्टवर्क छापायला जायच्या आधी वाचतं कोण. चौथ्या प्रश्नावर "सगळेच वाचतात" असं उत्तर आलं तर समज कुणीच वाचत नाही आणि ते तुलाच वाचायचंय. उत्तरं आली की मला कळव, पण ऑफर लेटरवर सही करायच्या आधी.

तुझी,
ताई