व्रेसवेक शाहीर म्हणावा का?

प्रश्न असा आहे: स्वीडनच्या कॉर्नेलिस व्रेसवेकला (१९३७–१९८७) तिकडे ‘वीससोंगारे’, म्हणजे ‘वीसा’ गाणारा म्हणतात. मराठीत त्याला लोकगायक म्हणावं की शाहीर?

आधी ‘वीसा’, म्हणजे एका प्रकारचं गीत. प्रवासाच्या व्हिसाशी याचं काही नातं नाही, त्याला स्वीडिशमध्ये ‘वीसुम’ म्हणतात. जुन्या नॉर्समध्ये, म्हणजे स्वीडिशच्या पूर्वज भाषेत, हा शब्द कडव्यासाठी होता. आज ‘फोल्कवीसा’ म्हणजे लोकगीत, ‘बार्नवीसा’ म्हणजे बालगीत, ‘वाग्गवीसा’ म्हणजे अंगाई. ‘वाग्गा’ म्हणजे पाळणा. बारशाच्या गाण्याला आपणही पाळणाच म्हणतो, हे जुळणं मला फार गोड वाटतं.

‘लोकगायक’ मला पटत नाही. लोकगीताला कर्ता नसतो. व्रेसवेक मात्र बहुतेक गाणी स्वतः लिहायचा.

‘शाहीर’ जवळचा आहे. मूळ अरबी ‘शाइर’ म्हणजे कवीच, आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख यांच्यामुळे या शब्दाला मराठीत राजकारणाची धार आली. ती धार व्रेसवेककडेही आहे. चिलीत लष्करी बंडानंतर मारल्या गेलेल्या व्हिक्तोर हाराची गाणी त्याने स्वीडिशमध्ये आणून १९७८ साली त्यांचा अख्खा अल्बम केला. पण ‘शाहीर’ म्हटलं की आपल्या कानात डफ वाजतो, मागे झीलकरी उभे राहतात, आवाज मैदानाच्या टोकाला पोचतो. वीसा एका गिटारवर, समोर बसलेल्या माणसाशी बोलल्यासारखी गातात. त्याच्या एका वीसेची सुरुवातच पाहा: ‘सोमलिगा गोर मेद त्रासिगा स्कूर’, काही जण फाटक्या जोड्यांनी चालतात. लगेच तो विचारतो, सांगा, हे कशामुळे? आणि उत्तर देतो की स्वर्गातल्या देवबापाच्याच मनात तसं असेल. शाहिराने इथे ललकारी दिली असती. हा आवाज चढवत नाही, म्हणूनच ते ‘असेल’ जास्त झोंबतं.

‘भावगीत’ म्हणावं तर आवाज जुळतो, पण ही बोचणी हरवते.

तेव्हा माझं मत, ‘वीसा’ तसाच घ्यावा आणि गाणाऱ्याला ‘वीसाकार’ म्हणावं. शब्द स्त्रीलिंगी धरून ‘दिशा’सारखा चालवला की अडत नाही: ती वीसा, वीसेत, वीसांचा. व्रेसवेकच्या १९६८च्या अल्बमच्या नावातलं ‘तीओ वाक्रा वीसूर’ मग सरळ ‘दहा सुंदर वीसा’ होतं.