भाऊ आईच्या खर्चाला एक पैसा देत नाहीत, काय करू?

एका ताईंच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. ताईंचे वडील २०१९ ला गेले, मृत्युपत्र केलेलं नव्हतं. घर वडिलांच्या स्वतःच्या कमाईचं, दोन मजली. खाली ताई आणि ७६ वर्षांची आई राहतात, वरचा मजला मोठ्या भावाने भाड्याने दिलाय आणि महिन्याचे ९,००० रुपये भाडं त्याच्याच खात्यात जातं. धाकटा भाऊ दुसऱ्या शहरात. आईची औषधं, मागच्या वर्षीचं खुब्याचं ऑपरेशन, तीन वर्षांची घरपट्टी, गच्चीचं वॉटरप्रूफिंग, सगळं ताईंनी एकटीने केलं आणि भावांना विचारलं की दोघांचं उत्तर एकच, "तू तिथे राहतेस ना, मग तूच बघ." ताईंनी विचारलंय की मागचे पैसे मिळतील का, पुढे त्यांना द्यायला लावता येईल का, आणि जे देत नाहीत त्यांचा घरातला हिस्सा कमी होतो का. शेवटी एक ओळ आहे, "आई म्हणते माझ्या पोरांना कोर्टात खेचू नकोस."

ताई, आधी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर देते कारण ते तुम्हाला आवडणार नाही आणि तिथेच बहुतेक लोक चुकतात. नाही, हिस्सा कमी होत नाही. वडील मृत्युपत्र न करता गेले, घर स्वकष्टार्जित, म्हणजे हिंदू वारसा कायदा १९५६ प्रमाणे आई, दोन मुलगे आणि तुम्ही असे चार वारस आणि प्रत्येकाचा पाव हिस्सा. तो वडील गेले त्याच दिवशी ठरला. नंतर कोणी आईला सांभाळलं, कोणी फोनसुद्धा केला नाही, त्याने तो पाव हिस्सा वाढत नाही की घटत नाही. घरपट्टीच्या पावत्या तुमच्या नावावर असल्या तरी त्याने मालकी येत नाही, त्या पावत्या फक्त पैसे भरल्याचा पुरावा आहेत. पण जपून ठेवा, दुसऱ्या कामाला येणार आहेत. आणि हो, तुम्ही मुलगी म्हणून तुमचा हिस्सा भावांपेक्षा तसूभरही कमी नाही, कोणी "हक्कसोडपत्रावर सही कर मग आईचं बघू" म्हणालं तर सही करायची नाही, एकदा रजिस्टर झालं की ते मागे फिरवणं महाकठीण असतं.

आता पैशांचं. तुमच्या पत्रात सगळा खर्च एकाच यादीत आहे, ऑपरेशन, औषधं, घरपट्टी, गच्ची, सगळं एकत्र. आज रात्रीच बसून त्याच्या दोन याद्या करा, आईचा खर्च एका वहीत आणि घराचा खर्च दुसऱ्या वहीत, कारण कायद्यात या दोघांचे रस्ते पूर्ण वेगळे आहेत.

घराचा खर्च सोपा आहे. चार मालकांपैकी एकाने सगळ्यांच्या वतीने घरपट्टी भरली, गच्ची गळत होती म्हणून दुरुस्ती केली, तर बाकीच्यांच्या वाट्याचे पैसे मागायचा हक्क त्याला आहे. करार कायदा १८७२ मधलं कलम ६९ म्हणतं की जे पैसे दुसऱ्याने कायद्याने भरायला हवे होते ते तुम्ही भरले आणि ते भरले जाण्यात तुमचं हित होतं तर ते तुम्हाला परत मिळायला हवेत, आणि कलम ७० म्हणतं की फुकट करायचा हेतू नसताना तुम्ही कोणासाठी काही केलं आणि त्याने त्याचा फायदा घेतला तर त्याने भरपाई द्यावी. तुमचे आकडे धरून बघू. वॉटरप्रूफिंग ८४,००० आणि घरपट्टी वर्षाला १२,००० म्हणजे तीन वर्षांची ३६,०००, एकूण १,२०,०००. प्रत्येकाच्या वाट्याला ३०,०००. म्हणजे दोन भावांकडून ६०,००० येणं आहे. मात्र तुम्ही त्याच यादीत स्वयंपाकघराचा नवा ओटा आणि टाइल्स पण लिहिल्यात, ते काढून टाका. दुरुस्ती गरजेची होती हे सिद्ध करता येतं, सोयीसाठी केलेली सुधारणा न विचारता केली तर त्याचे पैसे सहसा मागता येत नाहीत आणि एक कच्ची रक्कम घुसवली की समोरचा वकील सगळ्या यादीवरच शंका घेतो.

यात मुदत फार महत्त्वाची. मुदत कायदा १९६३ प्रमाणे असे पैसे मागायला साधारण तीन वर्षं मिळतात, आणि ती प्रत्येक रक्कम तुम्ही भरलीत त्या दिवसापासून मोजायची. त्यामुळे "सगळं एकदमच मागू कधीतरी" असं म्हणून थांबलात तर जुनी जुनी रक्कम एकेक करून बाद होत जाते. भावाने कागदावर सही करून लिहून दिलं की इतके पैसे देणं आहे, आणि ते मुदत संपायच्या आत दिलं, तर त्या दिवसापासून तीन वर्षं नव्याने सुरू होतात. व्हॉट्सॲपवर "हो ताई देतो पुढच्या महिन्यात" असं काही आलं असेल तर ते डिलीट करू नका, फोन बदलताना बॅकअप घ्या. नुसता स्क्रीनशॉट कोर्टात पुरत नाही, भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे त्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं, ते वकील तयार करून देतात, पण मूळ चॅट फोनमध्ये असायला हवं.

आईचा खर्च मात्र अवघड प्रकरण आहे. तुम्ही आईचं ऑपरेशन केलं, भाऊ कोर्टात म्हणणार की तिने प्रेमाने केलं, आम्ही कुठे सांगितलं होतं, आणि आईवर मुलीने केलेला खर्च नंतर भावांकडून वसूल करायला कोर्ट सहज तयार होत नाही. ऑपरेशनच्या वेळी "आत्ता तू भर, आम्ही नंतर देतो" असा मेसेज किंवा निदान साक्षीदारांसमोरचा शब्द असेल तर चित्र बदलतं, मग तो सरळ करार होतो. तुमच्या पत्रात तसं काही दिसलं नाही म्हणून मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही, ऑपरेशनचे पैसे परत येण्याची शक्यता कमी आहे. मला हे लिहिताना वाईट वाटतंय पण त्या केसमध्ये आणखी पैसे आणि वर्षं घालू नका.

पुढचा खर्च मात्र मागता येतो आणि नीट मागता येतो. फक्त तो हक्क आईचा आहे, तुमचा नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांसाठीचा २००७ चा कायदा आहे, त्यात स्वतःच्या उत्पन्नातून भागत नसेल तर आई मुलांकडून खर्च मागू शकते, आणि खर्चात अन्न, कपडे, राहणं, औषधपाणी सगळं येतं. अर्ज आईच्या सहीने जातो, तिला शक्य नसेल तर ती दुसऱ्या कोणाला अधिकार देऊ शकते. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात, म्हणजे आपण ज्याला प्रांत ऑफिस म्हणतो तिथे. नोटीस लागल्यापासून ९० दिवसांत निकाल द्यावा असं कायदा सांगतो, फार तर ३० दिवस वाढतात, आणि मधल्या काळात अंतरिम रक्कम पण मागता येते. तिथे वकील लागत नाही, त्यामुळे फी चा बोजा नाही, अर्ज नीट लिहून घ्या म्हणजे झालं. कमाल रक्कम महिन्याला १०,००० च्या वर जात नाही. आईची गरज त्याहून मोठी असेल तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १४४ खाली, म्हणजे जे पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम १२५ होतं, मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं, तिथे अशी वरची मर्यादा नाही. पण दोन्हीकडे एकाच वेळी जाता येत नाही, एक निवडावं लागतं. आदेश होऊनही पैसे आले नाहीत तर वॉरंट निघू शकतं आणि एक महिन्यापर्यंत कैदही होऊ शकते, फक्त थकल्यापासून तीन महिन्यांच्या आत अर्ज करायला हवा, हे कॅलेंडरवर लिहून ठेवा.

अर्जात तीनही मुलांची नावं घाला, तुमचं सुद्धा. कायद्याने मुलगी पण जबाबदार आहे, लग्न झालेली असली तरी, हे सुप्रीम कोर्टाने १९८७ मध्येच सांगितलंय. तुमचं नाव नसलं तर भाऊच तुम्हाला सामील करून घेतील आणि वर म्हणतील की आईला पुढे करून बहीणच हे करतेय. तुमचं नाव आधीच असलं, आणि तुम्ही तिथे सांगितलंत की माझा वाटा मी देतेय, ही घ्या बँकेची स्टेटमेंट, तर त्या आरोपात काही राहत नाही.

आणि आता आईचं म्हणणं, पोरांना कोर्टात खेचू नकोस. ताई, याच्यावरून तिच्याशी भांडू नका. कितीतरी आया मी बघितल्यात, ज्यांना मुलगा वर्षभर भेटत नाही तरी त्याच्याविरुद्ध कागदावर सही करताना हात थांबतो. तिच्या मनाविरुद्ध अंगठा घेऊन अर्ज केलात तर अधिकारी तिला समोर बसवून विचारणार, आणि ती "मला काही नको" म्हणाली की तिथेच संपलं, आणि तुमच्या दोघींच्यात जे तुटेल ते वेगळंच. तिची सही हवी असेल तर तिला पटूनच हवी.

म्हणून मला वाटतं तुम्ही सुरुवात दुसरीकडून करा, भाड्यापासून. तुमच्या पत्रात ती गोष्ट एका वाक्यात येऊन गेली, पण माझ्या मते सगळ्यात मजबूत तेच आहे. वरचा मजला मोठ्या भावाचा नाही, चौघांचा आहे, त्यामुळे ते भाडंही चौघांचं. तीन वर्षांचे ३,२४,००० होतात, त्यात आईचे ८१,०००, तुमचे ८१,०००, आणि धाकट्या भावाचेही ८१,०००, जे त्याने कधी पाहिलेच नाहीत. त्याला हे माहीत आहे का? बहुतेक नसेल. मोठ्या भावाने वरच्या मजल्यावर काही खर्च केला असेल तर तो वजा करावा लागेल, तेवढं न्यायाने मान्य करा. पण तुम्हाला आईच्या औषधांसाठी दोघांच्या खिशात हात घालायची गरजच कदाचित नाही, घर स्वतःच महिन्याला ९,००० देतंय, ते फक्त चुकीच्या खात्यात जातंय.

तर असं करा. धाकट्या भावाला एकट्याला फोन करा, रागाने नाही, हा हिशोब सांगायला. मग दोघांना मिळून एक पत्र स्पीड पोस्टाने पाठवा, त्यात तीनच मागण्या ठेवा, पुढच्या महिन्यापासून भाडं थेट आईच्या खात्यात जमा व्हावं, घरपट्टी आणि दुरुस्ती चौघांत समान, आणि मागचे ३०,००० प्रत्येकी मागच्या भाड्याच्या हिशोबात वळते करावेत. ऑपरेशनचा उल्लेख करा पण त्याची रक्कम मागू नका, तेवढ्याने मोठ्या भावाला हो म्हणायला जागा राहते. पत्राची भाषा साधी ठेवा, टोमणे नकोत, कारण हेच पत्र उद्या न्यायाधीश वाचणार असं समजून लिहायचं. हे ऐकून आईलाही बरं वाटेल असं मला वाटतं, कारण यात ती पोरांकडे हात पसरत नाही, नवऱ्याच्या घराचं स्वतःचं भाडं घेतेय.

भाऊ तयार झाले तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन दावा दाखल करण्याआधीच लोकअदालतीत ठरलेलं लिहून घ्या, तिथला निवाडा कोर्टाच्या हुकुमासारखाच बजावता येतो. बाई म्हणून तुम्हाला आणि आईला तिथे मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असलं तरी, विचारायला १५१०० हा नंबर आहे.

पत्राला एक महिना द्या. उत्तर आलं नाही तर वाटप आणि हिशोबाचा दिवाणी दावा, त्यात भाडं, घरपट्टी, गच्ची सगळं एकत्र मागता येतं. भाऊ तिथे म्हणतील की ही खाली फुकट राहते. सहमालक स्वतःच्या घरात राहतो म्हणून त्याला बाकीच्यांना भाडं द्यावं लागत नाही, जोवर त्याने त्यांना बाहेर काढलेलं नाही. तेव्हा खालच्या मजल्याचं कुलूप बदलू नका, भाऊ आला तर त्याला आईला भेटू द्या, कितीही राग असला तरी. दावा लांबतो हे खरं आहे, काही वर्षं जातात, आणि वाटप मागितलं की घर विकायची वेळही येऊ शकते, त्यामुळे आई आहे तोपर्यंत मी तुमच्या जागी असते तर तो शेवटीच काढला असता.

मधल्या काळात मोठा भाऊ कदाचित म्हणेल की आईने तिचा हिस्सा माझ्या नावावर करावा, मग मी सांभाळतो. आई फक्त तिचा पाव हिस्साच देऊ शकते, आणि द्यायचाच असेल तर बक्षीसपत्रात "सांभाळ करण्याच्या अटीवर" हे शब्द असलेच पाहिजेत. २००७ च्या कायद्याचं कलम २३ त्या अटीवरच उभं आहे, अट मोडली तर दस्त रद्द करून मागता येतो, अट सिद्ध झाली नाही तर नुसतं "आईला बघत नाही" एवढ्यावर तो रद्द होईलच असं नाही. आईने सही करण्याआधी तो कागद मला किंवा कुठल्याही दुसऱ्या वकिलाला दाखवा, भावाने आणलेल्या वकिलाला नाही.

आणि घरपट्टी यावर्षीची पण भरून टाका, रागाने थांबवू नका, शास्ती चौघांच्याच डोक्यावर बसते. भरताना ऑनलाइन तुमच्या खात्यातून भरा आणि पावती त्याच दिवशी दोघा भावांना पाठवा, खाली लिहा, "तुमचा वाटा प्रत्येकी ३,००० रुपये."