चंफाईला निघण्यापूर्वी

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

म्यानमारमधून मिझोराममध्ये आलेल्या चिन जमातीच्या कुटुंबांतील मुलांना शिकवण्यासाठी तू चंफाई जिल्ह्यात निघाली आहेस आणि तयारी काय करावी, असे पत्रात विचारले आहेस. मी तो मुलूख पाहिलेला नाही. परंतु पूर्व पाकिस्तानातून आलेली बंगाली कुटुंबे १९६० च्या दशकात आपल्या गडचिरोलीतल्या मुलचेरा-चामोर्शीच्या बाजूला वसवली गेली, त्यांच्या मुलांना शिकवण्यात माझ्या नोकरीची सुरुवातीची वर्षे गेली, आणि त्या बळावर एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: घर सुटलेल्या मुलाला सर्वांत आधी उद्या काय होणार, हे ठाऊक असावे लागते.

आमच्या वर्गात एक मुलगा होता. मधल्या सुट्टीत मुरमुरे वाटले की तो दोन घास खाई आणि उरलेले चड्डीच्या खिशात कोंबून ठेवी. खिशाला मुंग्या लागत, पोरे हसत. हेडमास्तरांनी सगळ्यांचे खिसे तपासायचा हुकूम काढला, तेव्हा त्याची आजी शाळेत आली आणि रायपूरजवळच्या माना येथील निर्वासित छावणीत असल्यापासून त्याला ही सवय असल्याचे तिने सांगितले. तपासणी थांबली, मुरमुरे मात्र रोज त्याच वेळी, त्याच डब्यातून मिळत राहिले. पावसाळा सरता सरता त्याचे खिसे रिकामे राहू लागले. त्याला कोणीही समजावले नव्हते.

म्हणून वर्गाची वेळ, बसायची जागा आणि सकाळचे पहिले गाणे शक्यतो बदलू नकोस. १ फेब्रुवारी २०२१ रोजी म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतल्यानंतर सीमेवरची तिआऊ नदी ओलांडून आलेल्या मुलांनी काय पाहिले, ते त्यांच्याकडून काढून घेण्याचा प्रयत्न करू नकोस. मूल आपण होऊन बोलले तर हातातले काम ठेवून ऐक, आणि ते थांबले की तूही थांब. छावणीत पाहुणे येतात, फोटो काढतात, आणि चुणचुणीत मुलाला दर वेळी तीच कहाणी सांगायला उभे करतात. हा प्रकार तुला थांबवता आला, तर मला फार आनंद होईल. अंथरूण ओले करणे, आईला न सोडणे, आवाजाने दचकणे हे बहुधा हळूहळू कमी होते. मात्र आठवडे उलटले तरी झोप नसेल, खाणे सुटले असेल किंवा मूल स्वतःला इजा करत असेल, तर डॉक्टरांना गाठ. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही जवळ असू दे. अगदी शहाण्यासारखे गप्प बसणारे मूल रुळले आहे, असे समजू नकोस.

भाषेची घाई करू नकोस. कोल्हापूरजवळ वळिवडे येथे दुसऱ्या महायुद्धात पोलिश निर्वासितांची छावणी होती आणि तिथली मुले पोलिश भाषेतच शिकली. आमच्याकडेही बंगालीतून वर्ग चालले. पळून आलेल्यांत शिक्षक असतात, त्यांना शोधून सोबत घे. दाखल्यावरून कोणी अडवले तर शिक्षण हक्क कायद्याचे कलम १४ दाखव. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही.

आमच्या तान्ह्या पोळ्याला नव्या मुलांकडे लाकडी बैल नव्हते, म्हणून त्यांना तोरण बांधायच्या कामाला लावले. माघात त्यांच्या सरस्वतीपूजेला गावची मराठी पोरे खिचडीच्या पंगतीत बसली. येणे-जाणे असे दोन्हीकडून होते, तेव्हाच वस्ती गावाची होते. एकट्या पाहुण्याने किती जुळवून घ्यावे?

आता तुझ्या परतीविषयी. तू सहा महिन्यांसाठी जात आहेस. ती तारीख पहिल्याच आठवड्यात भिंतीवरच्या कॅलेंडरवर मुलांसमोर खूण करून दाखव, तुझ्यानंतर येणाऱ्या व्यक्तीला निदान पंधरा दिवस आधी वर्गात बसव, आणि जाताना पुन्हा येण्याचे वचन पाळता येणार असेल, तरच दे.

तुझा,
मास्तर