स्टुडिओला कुलूप लावण्याआधी

मित्रा, वडिलांचा फोटो स्टुडिओ बंद करायचं म्हणतोस, पण घाईने शटर ओढू नकोस. फिल्मचे रोल धुण्याचं काम गेलं ते परत येणार नाही. कोडॅकसारख्या कंपनीनेही २०१२ साली दिवाळखोरीचा अर्ज केला. पण वडिलांनी जपलेल्या निगेटिव्हची, म्हणजे ज्यावरून फोटो छापतात त्या फिल्मची, पाकिटं रद्दीत घालू नकोस, तुझं खरं भांडवल तेच आहे. आपल्या तालुक्यात किती घरांत आजीचा एकुलता एक फोटो असतो, तोही ओल लागून डागाळलेला! त्याची निगेटिव्ह तुझ्या पाकिटांत असली तर ती, नाहीतर तो फोटोच स्कॅन कर, डाग काढ, फ्रेम करून दे. माझ्याकडे पितृपक्षाच्या आधी हेच काम सर्वांत जास्त येतं. निगेटिव्ह कडांनाच धर, बोटाचा ठसा पडला की गेलं. पासपोर्ट फोटो चालू ठेव, रोजचा खर्च निघतो. कर्ज काढून कॅमेरा मात्र आत्ता नको. आधी झाकणात दिवा असलेला स्कॅनर घे. साध्यावर निगेटिव्ह नीट येत नाही.